एनॉकची चांदी

"पहिली गोळी कुणी झाडली हो, काका?"

गेल्या पन्नास वर्षांत हा प्रश्न ऐकून ऐकून जोथम थेअरचे कान किटले होते. सुरुवातीला तो खरं सांगायचा. धुकं होतं, त्यात धूर, आपण भिंतीआड पोटावर पडलो होतो आणि भीतीनं विजार ओली झाली होती. हे कुणालाच आवडायचं नाही. मग तो "आठवत नाही" म्हणायला लागला, तेही आवडेना. आता तो नुसता हात हलवायचा आणि भट्टीकडे तोंड करायचा. बॉस्टनहून आलेली मंडळी त्याच्या ऐरणीवर बसून पाहायची, भिंतीवरचे हातोडे हातात घेऊन पाहायची आणि बाहेर पडताना एकमेकांना म्हणायची, केवढा नम्र माणूस! नम्र कसला डोंबलाचा. थकला होता तो.

कॉन्कॉर्डच्या रस्त्यावरचं स्टोनब्रूक हे त्याचं गाव, आणि वय त्र्याहत्तर. इंग्रजांशी लढाई झाली त्या वर्षी गावातल्या बायकांनी आपापली कथील-शिशाची ताटं आणून त्याच्या दारात टाकली होती आणि त्यानं ती वितळवून बंदुकीच्या गोळ्या ओतल्या होत्या. तेवढ्यावर "देशभक्त कारागीर" हे नाव त्याला जे चिकटलं ते चिकटलंच. त्याआधी आणि त्यानंतर त्यानं हजारो किटल्या, कंदील, कढया केल्या होत्या. त्यांचं नाव कोणी काढत नव्हतं.

यंदा एकोणीस एप्रिलला त्या लढाईला पन्नास वर्षं होणार होती. गावानं समिती नेमली होती आणि समितीचे प्रमुख, प्रार्थनाघराचे कारभारी डीकन लेम्युएल हॅप्गुड पाट्या लावत गावभर फिरत होते. काळ्या अक्षरांची पांढरी पाटी. एक हिरवळीवर, एक पुलावर, एक रस्त्याकडेच्या दगडी भिंतीवर: "येथे एनॉक व्हीटन धारातीर्थी पडला."

"डीकनसाहेब, एनॉक इथं पडलाच नाही," जोथम म्हणाला होता. "तो पडला तुमच्या डुकरांच्या खुराड्यामागं. मी होतो ना शेजारी!"

"अहो काका, पण तिथं पाहुण्यांच्या गाड्या कुठं उभ्या करणार? इथं सावलीही आहे."

जोथमनं पुढं वाद घातला नाही. कुणाशीही वाद घालणं आता त्याच्या जिवावर यायचं. शेवटची पाटी त्याच्याच दुकानावर लागायची होती. तिचंही त्याला काही नव्हतं. त्याचा जीव अडकला होता तो फक्त घंटेत.

ती घंटा त्यानं लढाईनंतर सतरा वर्षांनी गावच्या प्रार्थनाघरासाठी ओतली होती. तिच्यासारखा आवाज आसपासच्या पाच गावांत नव्हता. वारा पडलेला असला की तीन मैलांवर नांगर धरलेला माणूस टोपी काढून उभा राहायचा. जन्मभर राबून आपल्या हाती काय लागलं, असं कधी मनात आलं की जोथम रविवारची वाट पाहायचा. घंटा वाजली की त्याला उत्तर मिळायचं. या जानेवारीत कुणाच्या तरी गोठ्याला आग लागली, गोठवणाऱ्या थंडीत कोणीतरी घंटा वेड्यासारखी बडवली आणि तिला हातभर तडा गेला. आता ती फोडून, तोच धातू वितळवून, एकोणीस तारखेच्या आत पुन्हा ओतायची होती. काठावर अक्षरं येणार होती: "जोथम थेअर, १८२५." हे त्याचं शेवटचं काम, हे त्यालाही माहीत होतं आणि भट्टीवरच्या त्याच्या पुतण्या सायरसलाही.

घंटेचा आवाज इतका गोड का, याचं कारण गावातलं शेंबडं पोरही सांगायचं. चांदी! ओतायच्या दिवशी गावातली तीसेक घरं रांगेत उभी राहिली होती आणि प्रत्येकानं आपल्या हातानं भट्टीच्या माथ्यावरच्या भोकात चांदी टाकली होती. कोणी बटण, कोणी अंगठी. डीकन हॅप्गुड दर पाहुण्याला बजावून सांगायचे, "ऐका, ऐका! तो जो शेवटी गोडवा रेंगाळतो ना, तो माझ्या आईचा चमचा." आणि एनॉकची बायको थँकफुल हिनं आपल्या नवऱ्याच्या बुटांची बकलं टाकली होती. लग्नाला आठ महिने झाले होते तेव्हा तो गेला. वय बावीस. पुन्हा लग्न तिनं केलं नाही.

गावात माणूस गेला की घंटेचे टोले पडतात. पुरुषाला नऊ, बाईला सहा, आणि मग जितकी वर्षं जगला तितके. एनॉक गेला तेव्हा स्टोनब्रूकला घंटाच नव्हती. त्याला नुसता ढोल बडवून पुरला. म्हणून घंटा टांगली त्या दिवशी पहिले टोले एनॉकचे पडले, नऊ आणि बावीस, आणि तेव्हापासून दर एकोणीस एप्रिलला पडत आले. थँकफुल ते बोटांवर मोजायची. एरवीही रविवारी घंटा झाली की ती वर पाहून मान हलवायची, अंगणातून कुणी हाक मारली तर आपण "आले, आले" म्हणतो तशी. एकदा जोथमला म्हणाली होती, "मेल्यावर माणूस सुधारतो म्हणतात ते खोटं नाही. जिवंतपणी ह्याचा आवाज एवढा गोड कधी होता! भजनाच्या मास्तरांनी सांगितलेलं ना त्याला, बाबा रे, तू फक्त तोंड हलव."

जोथम तेव्हा हसला नव्हता.

मार्चच्या शेवटी घंटा फोडून झाली. तुकड्यांचा ढीग दुकानाच्या कोपऱ्यात पडला होता. सायरस सरपणाला गेला होता आणि जोथम एकटाच मक्याची भाकरी दुधात कुस्करून खात बसला होता, तेव्हा थँकफुल काठी टेकत आत आली. एकाहत्तर वर्षांची, वाळून एवढीशी झालेली, पण कंबर ताठ.

"एक तुकडा दे मला," ती म्हणाली.

"कशाला गं?"

"माझ्या पेटीत ठेवायला. लाकडाच्या. माप घेऊन ठेवलंय सुतारानं. इतकी वर्षं वरून बोलत राहिला, आता खाली शेजारी झोपू दे. तळहाताएवढा पुरे."

जोथमनं ढिगातून एक तुकडा काढला, कडा घासून बोथट केल्या आणि तिच्या हातात ठेवला. तिनं तो पदराखाली धरावा तसा शालीखाली धरला. झालं असतं. ती दारापर्यंत गेलीही होती. पण ज्या खोट्याचं ओझं आजवर जाणवलं नव्हतं, ते म्हातारपणी एकदम जाणवतं. तेवढंसं तांबं छातीशी धरून तिनं मातीत जावं, हे त्याला बघवेना.

"थँकफुल, थांब. त्यात तो नाही."

"काय म्हणालास?"

जोथम स्टुलावर चढला, तुळईमागून तंबाखूचा डबा काढला आणि तिच्यापुढं उघडला. कातड्यात गुंडाळलेली, काळी पडलेली दोन बकलं. ओकच्या पानांची नक्षी. त्यातलं डावं जरा तिरकं. बॉस्टनला सोनाराकडे शिकत असताना जोथमनंच ती मित्राच्या लग्नासाठी घडवली होती, आणि एनॉक सगळ्यांना पाय पुढं करून दाखवायचा, "हे बघा, डावं प्यायलेलं आहे."

थँकफुलनं डाव्या बकलावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "ही इथं काय करतायत?"

"भट्टीच्या माथ्यावर दोन भोकं असतात. एक धातूत जातं. दुसरं मागच्या राखेच्या खड्ड्यात." तो खाली बघून सांगत होता. "ज्याच्या हाताखाली घंटा ओतायला शिकलो त्या म्हाताऱ्यानं बजावलेलं. लोक चांदी आणणारच, नको म्हणू नको, आणि घंटेत घालूही नको. चांदीनं आवाज गोड होत नाही, मरतो. मी तुम्हाला सगळ्यांना दुसरं भोक दाखवलं."

"आणि बाकीच्यांची चांदी?"

"विकली. त्या हिवाळ्यात माझी बायको मार्था आजारी होती, दुकान बंद होतं. हे सांगून मोकळा होत नाहीये मी. विकली."

"हॅप्गुडच्या आईचा चमचा?"

"तोही."

थँकफुलला हसू फुटलं. खदखदून हसली ती, काठीवर वाकून, आणि जोथमचाही ओठ जरा हलला तशी फाडकन म्हणाली, "तू हसायचं नाहीस! मी हसतेय, तू नाही. तेहेतीस वर्षं, जोथम! दर रविवारी त्या तांब्याच्या भांड्याला मी मान हलवून उत्तर देत होते. वेडी केलीस मला अख्ख्या गावापुढं, आणि तू पुढच्या बाकावर बसून बघत होतास. सांगायला तोंड नव्हतं तुला?"

"नव्हतं."

"मग ही दोन का नाही विकलीस?"

"माझ्या हातची होती," जोथम म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "आणि त्याच्या पायातली होती. मीच काढली होती ना ती, त्या खुराड्यामागं."

तिनं तांब्याचा तुकडा ढिगावर फेकून दिला आणि बकलं उचलली.

"ओतायच्या दिवशी मी येणार. माझ्या हातानं टाकणार, खऱ्या भोकात. आवाज मरू दे नाहीतर जगू दे. आणि मी आल्याशिवाय ओतायचं नाही. कबूल?"

"कबूल."

"तोवर माझ्याशी बोलू नकोस," असं म्हणून ती गेली.

शब्द देऊन बसल्यावर जोथममधला कारागीर जागा झाला. एवढ्याशा चांदीनं काही बिघडत नाही, हे त्याला ठाऊक होतं. बिघडतं ते थांबण्यानं. तांबं वितळलं की शेवटी कथील घालायचं, हिरव्या काठीनं ढवळायचं आणि लगेच ओतायचं. कथील तापल्या भट्टीत टिकत नाही, पांढरा धूर होऊन उडून जातं, आणि घंटेचा गळा असतो तो कथलाचाच. पण आठ दिवस होते. सगळं नीट ठरवता येईल, असं त्यानं स्वतःला समजावलं.

ठरवलंही. आठ एप्रिलला पहाटे भट्टी पेटवली. दुपारी बाराला कथील पडणार, त्याआधी अर्धा तास डीकनसाहेब आपली घोडागाडी घेऊन थँकफुलला आणणार. डीकनना एवढंच सांगितलं होतं की म्हातारीला ओतकाम बघायचं आहे. पण सायरसनं आणलेलं ओक इतकं सुकं निघालं की भट्टी तासभर आधीच पांढरी झाली. तांबं पाण्यासारखं हलायला लागलं, आणि सायरसनं काकांना न विचारता, रोजच्या सवयीनं, कथील आत ढकललं. मोजून मागवलेलं, होतं नव्हतं तेवढं सगळं.

"अरे!" जोथम ओरडला. "थँकफुल यायचीय!"

डीकनसाहेब गाडी घेऊन धावले. पण ते चिखलाचे दिवस. बर्फ वितळून रस्त्यांची खीर झालेली. येताना हिरवळीच्या पलीकडच्या कडेला गाडीची चाकं आसापर्यंत रुतली. डीकन माणसाला जेवढ्या शिव्या देता येतात तेवढ्या घोड्याला देत हॅप्गुड खाली उतरले, आणि त्यांच्या मागून थँकफुलही उतरली आणि चालू लागली. दुकानाच्या दारातून जोथमला ती दिसत होती. एक पाऊल, मग काठी, मग दुसरं पाऊल. काठी चिखलातून उपसायलाच तिला वेळ लागत होता.

"काका, आत्ता!" सायरस म्हणाला. "धूर निघायला लागला."

"थांब."

"अहो कथील चाललं! मी उचलून आणू का त्यांना?"

"हात लावू देईल का ती? गेल्या वर्षी पाद्रीबुवांना काठी मारली तिनं."

सायरसनं कपाळ पुसलं. माणूस वाईट नव्हता, धंद्यातला होता. हळूच म्हणाला, "ओतून टाकू आपण. आणि आल्या की राखेचं भोक दाखवू. त्यांना काय कळतंय?"

जोथमनं त्याच्याकडे पाहिलं. तेहेतीस वर्षांपूर्वीचा आपणच समोर उभे आहोत असं त्याला वाटलं. ओतलं तर घंटा साधेल. काठावरचं नाव खरं ठरेल. पाच गावं पुन्हा टोपी काढतील. आणि थँकफुल राखेत बकलं टाकून समाधानानं घरी जाईल. सगळं साधत होतं. फक्त एक खोटं आणखी उचलायचं होतं, आणि तेवढं बळ आता त्याच्या अंगात नव्हतं. गुडघ्यात नव्हतं, पाठीत नव्हतं, कुठंच नव्हतं.

"ओतायचं नाही," तो म्हणाला आणि भट्टीच्या तोंडाशी स्टूल ओढून बसला.

वीस मिनिटं गेली. जन्मभर त्यानं धातूच्या रंगावरून वेळ ओळखली होती, म्हणून एकेक मिनिट त्याला दिसत होतं. आधी धातूवरची चमक गेली, मग साय धरायला लागली. सायरस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

थँकफुल आत आली ती गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. धापा टाकत म्हणाली, "थांबलास?"

"थांबलो."

"धूर कसला हा पांढरा?"

"भट्टी म्हटली की धूर असायचाच. ये, इकडे ये. हे खरं भोक. वाकून बघ, धातू दिसतोय की नाही?"

तिनं वाकून पाहिलं. तापल्या उजेडात तिचा चेहरा लालबुंद झाला. उजवं बक्कल तिनं आत टाकलं, ते क्षणभर काळं दिसलं आणि नाहीसं झालं. डावं मात्र मुठीतच राहिलं.

"हे प्यायलेलं माझ्याजवळ राहू दे," ती म्हणाली. "पेटीत ठेवीन. गावाला एक पुरे."

मग जोथमनं सळईनं भट्टीचं तोंड फोडलं. धातू पन्हाळीतून वाहायला हवा होता, तो सरकला. जाडसर, आळशी, लापशीसारखा. त्याच क्षणी त्याला कळलं, घंटेचा गळा गेला.

आठवड्यानं जमिनीत पुरलेला साचा खणून काढला, घंटा घासली, दोराला टांगली. सायरसनं लाकडी हातोड्यानं एक टोला दिला. "थप्प" झालं आणि मागं थोडी गुरगुर उरली. एवढा बाप्या माणूस, तोंडावर हात घेऊन बाहेर गेला. डीकनसाहेब आले, ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. पण दिवस चारच राहिले होते. आहे तीच टांगायची ठरली.

एकोणीस तारखेला गावात मुंगीला शिरायला जागा नव्हती. चुकीच्या भिंतीपुढं दोन तास भाषण झालं. एनॉकनं मरताना काय उद्गार काढले तेही वक्त्यानं सांगितलं. एनॉक मरताना फक्त "आई गं" म्हणाला होता. जोथमला पहिल्या रांगेत बसवलं होतं, शेजारी थँकफुलला. ओतकामानंतर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती; थांबल्यानं काय बिघडलं ते तिला सायरसकडून कळलं होतं. मग सगळे उठून उभे राहिले, टोप्या उतरल्या आणि टोले सुरू झाले.

पहिलाच टोला पडला आणि गर्दीतून कुजबुज उठली. बॉस्टनचा एक गृहस्थ बायकोला म्हणाला, "कढई पडली की काय कुठं?" लोक माना वळवून जोथमकडे पाहायला लागले. नऊ झाले. आता बावीस. एकेक टोला त्याच्या तोंडावर बसत होता. आयुष्याचं शेवटचं काम, वर कोरलेलं नाव, आणि हा आवाज. त्याला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं. त्यानं डोळे मिटून घेतले.

संपल्यावर डीकनसाहेब वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काका, धातू तोच. माझ्या आईचा चमचा त्यातच. मग गोडवा गेला कुठं?"

थँकफुलनं डीकनकडे पाहिलं, मग जोथमकडे. एक शब्द बोलली असती तर पाटीसकट सगळं खाली आलं असतं.

"हात म्हातारा झाला, डीकनसाहेब," तो म्हणाला. "माझी चूक."

"त्याच्या हाताला नावं ठेवू नका," थँकफुल कडाडली. "हात चांगला आहे. गुडघे म्हातारे होते, ते माझे. आणि तुमच्या गाडीची चाकं."

"बरं, बरं," डीकन गडबडले. "पुढल्या साली बॉस्टनला पाठवू, नवी ओतून घेऊ."

"मी मेल्यावर पाठवा. माझे सहा आणि पुढचे सगळे ह्याच आवाजात पडले पाहिजेत. मग काय हवं ते करा."

गर्दी पांगली, ढोलवाले सायडर प्यायला गेले. ती दोघं बाकावरच राहिली. थँकफुलनं मूठ उघडली. आत तिरकं बक्कल होतं, घासूनपुसून लख्ख केलेलं.

"ऐकलंस ना?" ती म्हणाली.

"ऐकलं. बसका आहे."

"बसकाच होता तो!" तिनं त्याच्या दंडाला धरलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ओठ मात्र हसत होते. "असाच होता, जोथम. पन्नास वर्षांत आज पहिल्यांदा ऐकला मी. मास्तर म्हणालेले ना, तू फक्त तोंड हलव..."

जोथमचा ओठ जरा हलला, आणि त्यानं तो आवरला.

"हस रे आता," ती म्हणाली. "तूसुद्धा हस."